चादरीच्या कागदावरची मोटार

नरसय्या मास्तर मला कळले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी जाब विचारायला नको. एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, अशी आम्ही कितीतरी वर्षं काढली. रोज दुपारी त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी मी खाल्ली. आणि तरीही त्यांनी ती मोटार केली ती समजून-उमजून केली की चुकून तशी झाली, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

आमचा चादरींचा कारखाना सोलापुरात साखर पेठेच्या मागच्या अंगाला होता. मी सुताच्या गोदामात कारकून. मास्तर नक्षीवाले. चादरीवर जो मोर दिसतो, कमळ दिसतं, ते आधी कुणीतरी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावर चढवायचे आणि माग बसतो मोर विणत. तो कागदावरचा मोर काढणारे हे मास्तर. सहा फूट उंच, काळेभोर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शर्टाला दोन्हीकडे खिसे, दोन्ही खिशांत एकेक पेन्सिल. मी एकदा विचारलं, "मास्तर, दोन कशाला?" तर म्हणाले, "एकाच बाजूला ठेवली तर माणूस वाकडा दिसतोय की."

आता याच्यावर माणसानं काय बोलावं?

त्यांचं एक वाक्य सगळ्या कारखान्याला पाठ होतं. "अर्धं काढा, उरलेलं आपोआप येतंय." नक्षीत ते खरंच असतं. मधल्या रेघेच्या डावीकडचा मोर काढला की उजवीकडचा मोर त्याच पुठ्ठ्यांतून उलटा होऊन येतो, तो वेगळा काढावा लागत नाही. पण मास्तर हे वाक्य कुठंही लावायचे. माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमेना तर मला म्हणाले, "तुम्ही अर्धं करा. मुलगा तयार ठेवा." मी दिवसभर त्याचा अर्थ लावत बसलो आणि संध्याकाळचा भोंगा झाल्यावर नाद सोडला.

दुसरी खोड म्हणजे, कुणाच्याही घरी गेले की चादर उलटी करून बघायची. मागची बाजू बघितली की नक्षी कुणाची ते त्यांना कळायचं. आमच्या हेडक्लार्कचे वडील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. सगळे मान खाली घालून बसलेले. मास्तरांनी बसल्या जागी चादरीचा कोपरा उचलला, नाकापर्यंत नेला आणि भरल्या घरात म्हणाले, "मोर माझा हाय. पण चोरलाय. डोळ्याला एक धागा कमी." हेडक्लार्क रडायचे थांबले. मी मास्तरांना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यावर मी त्यांना झापत होतो आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, लाजले. तर म्हणतात कसे, "जोशी, एक धागा बी नीट चोरता येईना त्यास्नी."

चोरी आमच्या धंद्यात रोजचीच होती. बाजारातून एक चादर आणायची, धागे मोजायचे, पंधरवड्यात तीच नक्षी शेजारच्या मागावर. मास्तरांचा मोर असा कुठल्या कुठं गेला होता. खेड्यापाड्यातल्या लग्नांत तो होता, दवाखान्यांत होता, एस.टी.च्या टपावर वळकटीत बांधलेला होता. आणि त्याखाली कुणाचंही नाव नव्हतं. नक्षीवर कोण नाव घालतो?

मोटारीचं वेड शिरलं ते कॅलेंडरातून. मागाचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचं कॅलेंडर शेठजींकडे आलं होतं. वर्ष सरल्यावर ते मास्तरांच्या खोलीत आलं, मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करायला. त्यातल्या एका पानावर मोटार होती. पिवळी, जमिनीला चिकटलेली, पुढून निमुळती. खाली इंग्रजीत बारीक लिहिलेलं मी वाचून दाखवलं. अशा मोटारी फार थोड्या करतात, हातानं करतात, आणि मागवणाऱ्याला थांबावं लागतं, एवढाच त्याचा मतलब.

"म्हणजे मागावरची न्हाई," मास्तर म्हणाले.

"मास्तर, मोटार मागावरची कशी असेल?"

"तसं न्हवं. एकासारखी दुसरी न्हाई म्हणतोय मी."

मग बराच वेळ ते पान बघत राहिले. तेव्हा पेट्रोल एकदम महागलं होतं. मोटारवाले लोक मोटारी झाकून सायकलवर यायला लागले होते. अशा दिवसांत हा माणूस मला म्हणतो, मी मोटार काढणार. मला वाटलं, चादरीवर काढणार. मी म्हटलं, काढा, पोरांना आवडेल.

खरं काय ते आठवड्याभरानं कळलं. दुपारी डबा उघडला, चटणी माझ्याकडे सरकवायची ती भलतीकडेच सरकवली आणि ती टेबलाखाली पडली. मी हसलो. मास्तर हसले नाहीत.

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई," ते म्हणाले. "उजव्याच्या कडा गेल्यात. डॉक्टर म्हणला काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढला असता. ह्यातलं गेलेलं परत येत न्हाई."

मी टेबलाखालची चटणी गोळा करायला लागलो.

"राहू द्या ते," मास्तर म्हणाले. "जोशी, माझ्या हातचं एक बी काम एकदाच झालं न्हाई. जे काढलं ते हजार ठिकाणी गेलं आणि माझं राहिलं न्हाई. डोळे जायच्या आत एक वस्तू करणार, एकच. ती पळवणार, पळताना बघणार. मग डोळे गेले तर जाऊ देत."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्हाला सायकलसुद्धा येत नाही."

"म्हणून तर मोटार," ते म्हणाले. यातला 'म्हणून' मला अजून लागलेला नाही.

रशीदभाई हे मास्तरांचे लहानपणचे दोस्त. विजापूर वेशीजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायचे. मास्तर कागदांची गुंडाळी घेऊन तिथं गेले तेव्हा साक्षीला मीही होतो. कागद चादरीचेच, चौकटींचे. त्यांवर मोटार, बाजूनं काढलेली. आणि वरून काढलेली, पण अर्धीच.

रशीदभाईंनी कागद उलटसुलट केला. "मास्टर, दुसरा बाजू किधर है?"

"आपोआप येतंय. हीच उलटी कर."

"फिर हँडल कौनसे बाजू को रखूँ?"

इथं मास्तर पहिल्यांदा अडकले. कॅलेंडरात मोटारीची एकच बाजू दिसत होती, आत एक डोकं दिसत होतं, एवढंच. अर्ध्या मोटारीत स्टिअरिंगचं चाक काढलं तर उलट्या अर्ध्यातही चाक येणार. म्हणजे दोन चाकं, दोन ड्रायव्हर. मास्तरांनी डोळे मिटले आणि बोट मधल्या रेघेवर ठेवलं. "हितं. रेघेवर. ड्रायव्हर मधी बसंल. दोन्हीकडं एकेक माणूस."

"मधी?" रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वर आढ्याकडे बघितलं.

मग इंजिन. भंगारातल्या एका जुन्या मोटारीचं इंजिन रशीदभाईंकडे पडून होतं. मास्तर म्हणाले ते मागं बसवायचं, कारण चित्रातल्या मोटारीचं नाक इतकं बारीक आहे की तिथं इंजिन मावणारच नाही. रशीदभाई म्हणाले, "इंजन पिछू? बैल गाडी के पिछू बांधते क्या?" पण बांधलं. दोस्ताखातर बांधलं. बसच्या पत्र्यांचे उरलेले तुकडे, ट्रकच्या काचा, भंगारातली चाकं. वर्षभर ते काम चाललं. संध्याकाळी कारखाना सुटला की मास्तर तिकडे आणि त्यांच्यामागे मी. मी का जात होतो, हे आमच्या हिनं मला शंभरदा विचारलं. उत्तर असतं तर दिलं असतं.

एक विचित्र गोष्ट मात्र मी तिथं पाहिली. मास्तरांची नजर दिवसेंदिवस उणी होत होती आणि पत्र्याला ते कधी डोळ्यांनी तपासत नव्हते. मोटारीच्या तोंडासमोर बसायचे, डावा हात डाव्या बाजूवर, उजवा उजव्या बाजूवर, आणि दोन्ही हात एकाच वेळी मागं सरकवत न्यायचे. कुठं फरक लागला की थांबायचे. "हितं फुगलंय." रशीदभाई हातोडा घेऊन यायचे. कधी खरंच फुगलेलं असायचं. कधी काहीच नसायचं आणि मास्तरांच्याच अंगठ्याला फोड असायचा.

सांगाडा पत्र्यानं मढवून, वर टप चढवून ठोकळ्यांवरून खाली उतरवला त्या संध्याकाळी रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं. तोंड उतरलेलं. "जोशीसाब, गाडी बैठ गई."

बघतो तर खरंच बसलेली. कमरेलासुद्धा लागेना. बुटका माणूस उभा राहिला तरी वरून पलीकडचं दिसेल, इतकी चपटी. रशीदभाई शपथा घेत होते की कागदावरच्या एका चौकटीला एक बोट धरूनच त्यांनी पत्रा कापला, एक बोट इकडचं तिकडं नाही. मी कागद बघितला आणि मला घाम फुटला. आमच्या चादरीचा आडवा धागा जाड असतो. त्यामुळे कागदावर जेवढं उंच काढाल त्यापेक्षा चादरीत जास्त उंच होतं. म्हणून नक्षीवाला मोर मुद्दाम बसका काढतो. कागदावर बसका, चादरीत उभा. मास्तरांच्या हाताला तीस वर्षांची ती सवय. त्यांनी मोटारही बसकी काढली होती. पण पत्रा काही धाग्यासारखा फुगत नाही. जशी कागदावर, तशीच ती जमिनीवर.

मास्तर आले. त्यांनी हात पुढं केला तो त्यांना वाटलं होतं त्या उंचीवर, आणि तिथं काहीच नव्हतं. हात हवेतच राहिला. मग तो खाली खाली गेला आणि पत्र्याला टेकला. मास्तरांचा चेहरा मी नीट बघत होतो. म्हणून तर सांगतो की मला कळलं नाही. ते वाकले, पुढं बसले, दोन्ही हात ठेवले, सरकवत मागपर्यंत नेले. मग उभं राहून हात झटकले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "अशीच पायजे."

रशीदभाईंनी सुस्कारा सोडला. मी मात्र घरी जाईपर्यंत चडफडत होतो. अशीच पाहिजे होती तर हात हवेत का गेला? आणि चुकली असेल तर तसं म्हणावं ना माणसानं. रशीदभाईंना वाईट वाटू नये म्हणून बोलले असतील का? की चित्रातली मोटारही चपटी होती म्हणून ही आपसूक जमून गेली? मी दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं. मास्तर म्हणाले, "जोशी, मोर कागदावर बसलेला असतो का उभा असतो?" मी म्हटलं, बसका असतो. "मग झालं की," म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

आता खरी पंचाईत पुढं होती. मास्तर मधल्या सीटवर मावेनात. आडवे पडले तर गुडघे चाकाला लागायचे, उठून बसले तर डोकं टपाला. रशीदभाई म्हणाले सीट काढतो, तरी जमेना. ज्या माणसानं ही मोटार पळवायची म्हणून केली, तो तिच्यात चालवायला बसूच शकत नव्हता. तोपर्यंत नजरही जवळजवळ गेली होती. कारखान्यात शेठजींनी त्यांना येऊन नुसतं बसायला सांगितलं होतं आणि नक्षीला नवीन पोरगा घेतला होता. मास्तर दिवसभर खोलीत बसायचे आणि त्या पोराच्या पेन्सिलीचा आवाज ऐकायचे. "लई घासतोय," एवढंच म्हणायचे.

मास्तरांच्या बायकोला, लक्ष्मम्मा वहिनींना, मी तोवर उंबऱ्यापलीकडून ओळखत होतो. मास्तरांच्या छातीएवढ्या. दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, हात चालूच, मान वर नाही. एका संध्याकाळी त्या रशीदभाईंच्या कामावर आल्या, सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि मधल्या सीटवर जाऊन बसल्या. बेतून शिवल्यासारख्या बसल्या. मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी हात घालून चाचपलं. डोकं आणि टप यांच्यात चार बोटं, गुडघा आणि चाक यांच्यात चार बोटं.

"मी शिकते," वहिनी म्हणाल्या.

रशीदभाईंनी त्यांना मागच्या मोकळ्या मैदानात आपल्या जुन्या जीपवर शिकवलं. मला वाटलं होतं सहा महिने जातील. वहिनी लग्नाआधी माहेरी हातमागावर विणायच्या. आठ-दहा दिवसांत जीप मैदानात गोल फिरायला लागली. मी तोंडात बोट घातलं तर मलाच म्हणाल्या, "पायांनी एक करायचं आन् हातांनी दुसरं. मागावर दुसरं काय असतंय भाऊजी?"

मोटारीला कसले कागद नाहीत, पासिंग नाही, म्हणून पहाटेचा बेत ठरला. होटगी रस्त्याला गावाबाहेर न्यायची, तिथून तोंड फिरवायचं आणि गावाकडे पळवत आणायची. मला वाटलं आपण बघायला. तर मास्तर म्हणाले, "जोशी, तुम्ही उजवीकडं. मी डावीकडं. दोन्हीकडं वजन सारखं पायजे." मी म्हटलं रशीदभाईंना बसवा. तर रशीदभाई जाड पडतात म्हणे.

गावाबाहेर नेऊन तोंड गावाकडे फिरवलं, रशीदभाईंनी धक्का दिला, मागं इंजिन खाकरलं आणि आम्ही निघालो. मी जवळजवळ उताणा होतो. रस्ता नाकाशी. खडी टपटप पत्र्यावर आपटत होती, इंजिन पाठीत गुरगुरत होतं आणि बाभळी वरून मागं चालल्या होत्या. मी मारुतीचं नाव घेत होतो. जमिनीला इतकं चिकटून गेलं की चालणंसुद्धा पळणं वाटतं, हे मला तिथं कळलं. वहिनी चाक धरून एकटक समोर बघत होत्या. ओठ घट्ट. मास्तरांनी डावा हात खिडकीबाहेर काढला होता.

"पळतीया," मास्तर म्हणाले.

"पळतेय," वहिनी त्यांच्या घरच्या तेलुगूत म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला तेवढी तेलुगू येत होती.

"झाडं मागं चाललीत?"

"सगळी."

"रंग कसा दिसतोय हिचा?"

"पिवळा. उजाडलंय, चमकतोय."

मोटारीला रंग लावायचाच राहिला होता. पत्रा होता तसाच करडा होता. मी वहिनींकडे बघितलं. त्या समोरच बघत होत्या.

मग मला मागून घंटी ऐकू आली. सायकलची. मागचं बघायला आरसा नव्हता. घंटी जवळ आली, आमच्या डाव्या बाजूला आली, आणि दुधाच्या किटल्या लटकावलेला एक गवळी पायडल मारत आमच्या शेजारून पुढं निघाला. आमच्याकडे त्यानं वाकून, पार खाली बघितलं. किटल्या खणखणत होत्या. मास्तरांच्या बाहेर काढलेल्या हाताजवळून तो गेला आणि पुढं गेला. गेलाच. मी डोळे मिटून घेतले. वर्षभराची मेहनत, गेलेले डोळे, आणि दुधाची सायकल पुढं. मला त्या गवळ्याचा इतका संताप आला की सांगता सोय नाही.

"कोण गेलं?" मास्तरांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "सायकल."

"समोरून आली?"

"अवुनु," वहिनी म्हणाल्या. हो, समोरून आली.

माझ्या मनात आता एवढंच होतं की याच्यापुढं या माणसानं काही विचारू नये. इंजिन गुरगुरत राहिलं. किटल्यांचा आवाज पुढं लांब लांब जात विरला.

"पहाटंचं दूध," मास्तर सावकाश म्हणाले, "गावातून बाहेर चाललंय. असू दे."

आणि ते हसले. आवाज न करता, सगळं अंग हलवून हसले. मोटारीत आम्ही तिघं चिकटून, त्यामुळे मीही हललो. वहिनींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण त्याही खाली बघून हसत होत्या, आणि मोटार थोडी तिरपी गेली.

पहाटेचं दूध बाहेरून गावात येतं, गावातून बाहेर जात नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. सायकल मागून आली हे कळलं होतं. मग पिवळा रंगही कळला असणार. मग त्या संध्याकाळी हात हवेत राहिला तेव्हाही कळलं असणार, आणि "अशीच पायजे" म्हणाले ते कळूनच म्हणाले असणार. की त्या संध्याकाळी फसले आणि या पहाटे सावरले? मी अजून दोन्ही बाजूंनी हात फिरवून बघतो, कुठंतरी फरक लागतोच.

त्या दिवशी मोटार रशीदभाईंच्या फाटकात शिरली. मास्तरांनी ती दुसऱ्या दिवशीच तोडायला लावली, कागदही चुलीत घातले, दुसरी कुणी करू नये म्हणून. पण माझ्या डोळ्यांसमोर ते राहिलेत ते त्या आधीचे, रस्त्यावरचे. हसू ओसरल्यावर त्यांनी खिडकीबाहेरचा हात आत घेतला, चाचपडत वहिनींच्या चाकावरच्या हातावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताची बोटं डोळ्यांवरून फिरवून म्हणाले, "लक्ष्मम्मा, अजून जोरात घे. गवळी गावात पोचंल."